कायद्याच्या एका ओळीतली सहा क्रियापदं

कॅप्चरिंग, कोर्सिंग, स्नेअरिंग, ट्रॅपिंग, ड्रायव्हिंग ऑर बेटिंग. गेला दीड महिना ही ओळ माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलीये, भांडी घासताना सुद्धा मी ती मनातल्या मनात म्हणत असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २, त्यातली सोळावी व्याख्या: शिकार म्हणजे काय. आधी मारणं आणि विष घालणं येतं, मग ही सहा क्रियापदं एका दमात, आणि वर यातलं काहीही करायचा प्रत्येक प्रयत्न. आपल्याला शिकार म्हटलं की बंदूक दिसते, पण या व्याख्येत बंदूक शोधायला गेलात तर सापडायची नाही.

मी भाषांतराची कामं करते. माहेर जुन्नरकडचं, त्यामुळे त्या भागातल्या गावांमध्ये वाटायचं, शिकारीबद्दल कायदा काय सांगतो याचं एक चार पानी पत्रक इंग्रजीतून मराठीत करून द्याल का असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बिबट्या, ऊस, पिंजरा, शेळ्यांचा गोठा, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं, त्यात काय अवघड असणार असं वाटलं. आणि खरंच साडेतीन पानं एका दुपारी झाली. ही एक ओळ राहिली. तिचं मी त्या दिवशी असं केलं: पकडणे, पाठलाग करणे, सापळ्यात अडकवणे, सापळा लावणे, हाकणे किंवा आमिष दाखवणे. स्नेअर पण सापळा, ट्रॅप पण सापळा. डिक्शनरीत तसंच आहे हो, आणि डेडलाईन होती, पाठवून दिलं. छापलं गेलं.

मग एका गावात ग्रामपंचायतीत त्याचं वाचन झालं आणि वाचून झाल्यावर एक शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, बरं, पिंजरा आपण लावायचा नाही, सापळा लावायचा नाही, कळलं, पण वायर लावली तर चालते ना? हे मला फोनवर सांगितलं गेलं. त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. भुईमुगात रानडुकरं शिरतात, एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतात, तर बांधाला वायर लावायची का नाही हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे, आणि पत्रकात वायरचं काहीच नव्हतं. म्हणजे कायद्यात होतं, इंग्रजीत होतं, मी मराठीत आणताना ते पुसून टाकलं. गावात तारेच्या फासाला कुणी सापळा म्हणत नाही. सापळा म्हटलं की डोळ्यासमोर काहीतरी दार असलेलं, चाप असलेलं, उंदराच्या पिंजऱ्यासारखं येतं. (किंवा हाडांचा सापळा. दोन्हीला एकच शब्द, आणि पिंजरा पण तसाच, छातीचाही पिंजराच असतो.)

तो फोन झाल्यावर मी दोन दिवस नीट झोपले नाही. पत्रक त्या वायरसाठीच तर होतं.

पुढच्या रविवारी गावी गेले. अण्णांना सगळं सांगितलं, ते काही बोलले नाहीत, गोठ्याच्या मागे गेले आणि एक वायर घेऊन आले. आमच्याच ओढ्याकडच्या बांधाला सापडलेली, कुणी लावलेली माहीत नाही, वनरक्षकाला द्यायला म्हणून काढून ठेवलेली. मोटरसायकलची क्लच वायर, आतली बारीक पिळाची तार. एका टोकाला छोटा डोळा केलेला, दुसरं टोक त्या डोळ्यातून ओवून घेतलं की जेवणाच्या ताटाएवढा फास होतो, आणि ते टोक खुंटीला किंवा झुडपाच्या बुंध्याला बांधायचं. बस एवढंच. दार नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. अण्णा म्हणाले, "घाल हात." मी मनगट आत घातलं. "आता काढ बरं." मी हात मागे ओढला तशी तार आवळली. "आता सैल सोड." मी हात पूर्ण सैल सोडला, तार होती तशीच आवळलेली राहिली. दुसऱ्या हाताने डोळा मागे सरकवला तेव्हा कुठे सुटली. अण्णा म्हणाले, "तुला दुसरा हात आहे गं, त्याला नाही." मनगटावर पिळाचे बारीक वळ उठले होते, तासभर गेले नाहीत.

स्नेअर म्हणजे हे. मूळचा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला आहे, स्नारा, म्हणजे सरकफास, आणि इंग्रजीत तो आजपर्यंत त्याच्या दोरीसकट राहिलाय. ट्रॅपमध्ये यंत्र काम करतं, पाय पडला, फळी दबली, दार पडलं, संपलं, आतल्या प्राण्याने नंतर धडपड केली काय आणि गप्प बसला काय, दार तेवढंच बंद राहतं. स्नेअरमध्ये यंत्र नाहीच, पुढचं सगळं काम प्राणी स्वतःच्या ताकदीने करतो, जेवढा जोर लावेल तेवढी तार आत जाते, डुकरासाठी लावलेल्या वायरमध्ये बिबट्या येतो तेव्हा ती बऱ्याचदा कमरेला बसते आणि रात्रभर ओढून ओढून ती कातडीच्या आत गेलेली असते, बाहेरून दिसतही नाही. म्हणून इंग्रज माणूस खोटेपणाने, कर्जाने, गोड बोलण्याने फसलेल्याला एन्स्नेअर्ड म्हणतो तेव्हा त्याच्या कानाला त्यात सुटायची धडपड पण ऐकू येते. ट्रॅप्ड म्हटलं की नुसतं बाहेर पडता येत नाही एवढंच. आपल्याकडे ही छटा फास आवळत गेला यात आहे, पाश या शब्दात आहे, गुरफटत गेला यात आहे. सावकाराच्या पाशात म्हणतो आपण, सावकाराच्या पिंजऱ्यात कुणी म्हणत नाही.

आणि मराठीत शब्द नव्हता असं अजिबात नाही! कोकणातल्या बातम्या बघा, फासकीत अडकून बिबट्याचा मृत्यू, फासकीतून बिबट्याची सुटका, हे किती वेळा छापून येतं. फासकी. इतका नेमका शब्द, पुण्यात बसून मला आठवला नाही आणि आमच्या घाटावरच्या गावात तो तितका चालतही नाही, तिथे फास किंवा सरळ वायर. मी शेवटी काय लिहिलं ते पुढे सांगते.

फास शब्द लिहिताना मात्र एका गोष्टीने माझा हात थांबला, ती इथे सांगायलाच हवी. फासेपारधी या जमातीचं नावच फासावरून पडलंय. फास आणि वाघूर, म्हणजे जनावर धरायचं जाळं, ही त्यांची पिढ्यानपिढ्यांची विद्या होती आणि तिच्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायच्या ऐवजी मिळाला १८७१ पासून सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा, ज्याखाली पुढे पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला, लोकांच्या मनातून गेला असं कुणी पारधी म्हणणार नाही. आज बांधावर जी क्लच वायर लावली जाते ती लावणारा कुणीही असतो, तुमच्या आमच्यासारखा शेतकरी असतो, पण पत्रकात फास आणि शिकारी हे दोन शब्द शेजारी आले की वाचणाऱ्याचं बोट कुणाकडे जाईल हे मला माहीत आहे. म्हणून शिकारी हा शब्दच काढला, वायर लावणारी व्यक्ती असं लिहिलं. लांबलं थोडं, लांबू दे.

आता कॅप्चर. यादीत पहिला आणि मला सगळ्यात सोपा वाटलेला. पकडणे, झालं. पण कॅप्चर हा शब्द फक्त शेवट सांगतो, कसं पकडलं याबद्दल चकार शब्द काढत नाही. पिंजऱ्याने, जाळ्याने, डार्ट मारून गुंगी देऊन, नुसत्या हाताने, कसंही, शेवटी जनावर तुमच्या ताब्यात आहे आणि जिवंत आहे. जिवंत हे महत्त्वाचं. स्नेअरमधलं मरू शकतं, ट्रॅपमधलं मरू शकतं, उंदराच्या चापात तर मरतंच, पण मेलेल्या बिबट्याला कॅप्चर केला असं म्हणता येत नाही. मूळ लॅटिनमधलं घेणे या अर्थाचं क्रियापद, त्यातून आधी नाम आलं आणि इंग्रजीत त्याचं क्रियापद व्हायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडला. कॅप्टिव्ह म्हणजे बंदिवान तो त्याच घरातला, आणि कॅप्टिव्हेट पण, जो आधी खरोखर कैद करणे असा होता आणि आता नुसता मोहवतो.

यावरून एक गंमत, बुद्धिबळात इंग्रजी नियम सांगतात की मोहरा कॅप्चर होतो. आपल्याकडे घोडा मारला, प्यादं खाल्लं. मी लहानपणी अण्णांशी खेळताना किती घोडे मारले त्याला गणती नाही, तिकडे त्याच घोड्यांना नुसतं कैद करतात.

आणि वाघांची गणना. त्यात कॅप्चरने फारच पुढची मजल मारलीये. झाडाला कॅमेरा बांधायचा, वाघ समोरून गेला की फोटो निघतो, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्यामुळे कुठला वाघ ते ओळखता येतं, मग पहिल्यांदा कोण कोण दिसले आणि पुन्हा कोण दिसले यावरून न दिसलेल्यांचा हिशोब काढायचा. वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्हास कारंथ यांनी हे नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात करून दाखवलं. तर त्या कॅमेऱ्याचं नाव कॅमेरा ट्रॅप, फोटो निघाला की वाघ कॅप्चर झाला, परत निघाला की रीकॅप्चर. वाघाला याचा पत्ताही नसतो, तो आपला पाणवठ्यावर चाललेला असतो. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते, म्हणजे एवढे ट्रॅप आणि आत एकही प्राणी नाही. इथे मराठीत पकडला म्हटलं तर घोटाळाच होईल. पण आपल्याकडे टिपणे आहे! कॅमेऱ्याने वाघ टिपला. चिमणी दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, नेमबाज नेम धरून टिपतो, यष्टीरक्षक झेल टिपतो. या सगळ्यात कमीत कमी स्पर्श आहे, क्षणभराचं काम आहे, आणि नेम चुकलेला नाही. मला वाटतं फोटोसाठी टिपणे हा इंग्रजी कॅप्चरपेक्षा सरस शब्द आहे आणि तरी आजकाल लग्नाच्या फोटोवाल्यांपासून सगळे क्षण कॅप्चर करत सुटलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बिबट्या धरला की पेपरवाले जेरबंद लिहितात. मला तो शब्द आवडतो पण पत्रकात घेतला नाही. जेरबंद म्हणजे मुळात घोड्याने मान वर उडवू नये म्हणून लगामाच्या बाजूने पोटाखाली बांधायचा पट्टा, फारसीतून आलेला. तर तो काबूत आणण्याचा शब्द आहे, त्यात थोडी फुशारकी आहे, नरभक्षक अखेर जेरबंद, गुंड अखेर जेरबंद. कायद्याला फुशारकी नको असते. उलट कायदा तिथे घाबरत घाबरत बोलतो, की धोकादायक झालेल्या प्राण्याला मारायची परवानगी द्यायच्या आधी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाली पाहिजे की त्याला पकडणं, गुंगी देणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, आणि पकडलाच तर त्याला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने पकडायचं. म्हणून जिवंत पकडणं असं दोन शब्दांत लिहिलं. आणि शिकारीच्या व्याख्येत कॅप्चरिंग आहे याचा अर्थ असा की वनखातं जो पिंजरा लावतं, दोन कप्प्यांचा, मागे शेळी किंवा कोंबड्या आणि पुढे बिबट्यासाठी उघडं दार, तो सुद्धा लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही. गावात लोक चिडतात, पिंजरा लावायला इतके दिवस का म्हणून. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात धरून आणलेले बिबटे सुद्धा या कागदाच्या वाटेनेच आलेत. हे पत्रकात एका चौकटीत टाकायला सांगितलं मी, ते मूळ इंग्रजीत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की सहाजणांच्या यादीत कॅच नाहीच. पकडणे म्हटल्यावर आपल्याला पहिला आठवणारा इंग्रजी शब्द आणि कायद्याने तो घेतलाच नाही. विचार करता करता पटलं, कॅच फार पसरट आहे. बॉल कॅच, लोकल कॅच, सर्दी कॅच, शब्द कॅच, चोर कॅच. सर्दी आपल्याला होते, आपण ती पकडत नाही. शब्द नीट ऐकू आला नाही म्हणतो. लोकल मात्र पकडतो, जुनी माणसं गाठतात. बॉल झेलतो. एवढ्या सगळ्यांत समान काय तर समोरची गोष्ट हलतेय, निसटणार आहे, आणि ऐन वेळी आपण तिथे पोचलो. आणि याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे, ते वाचलं तेव्हा मी घरात एकटीच ओरडले. कॅच आणि चेस हे सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमधला एकच शब्द, फ्रान्सच्या उत्तरेकडच्या बोलीत त्याचं एक रूप झालं, पॅरिसकडच्या बोलीत दुसरं, उत्तरेकडचं इंग्रजीत कॅच म्हणून आलं आणि पॅरिसकडचं चेस म्हणून. सुरुवातीला दोघांचा अर्थ पाठलाग करणे असाच होता, मग एकाने धावणं ठेवलं आणि दुसऱ्याने धरणं. परचेस म्हणजे विकत घेणे, त्याच्या पोटातही हाच चेस आहे, आधी एखाद्या गोष्टीच्या मागे लागायचं आणि मग ती मिळवायची. आणि फ्रेंचमधून येऊनसुद्धा कॅचचा भूतकाळ कॉट असा अस्सल देशी थाटाचा का, तर इंग्रजीत आधीपासून धरणे या अर्थाचं लॅच होतं, आता फक्त दाराच्या कडीत उरलंय, त्याच्या भूतकाळाची चाल याने उचलली.

मराठीत या ठिकाणी पकडणे आणि धरणे असे दोन आहेत आणि त्यांच्यातला फरक कुठल्या शाळेत शिकवत नाहीत तरी सगळ्यांना कळतो. रस्ता ओलांडताना आजीचा हात धरला. गर्दीत पाकीट मारणाऱ्याचा हात पकडला. उलट करून बघा, आजीचा हात पकडला, कसंतरी वाटतं ना? पकडला यात तो सोडवून घेणार होता हे गृहीत आहे. कबड्डीत म्हणूनच पकड, धर नाही.

कोर्सिंगने मला सगळ्यात जास्त दमवलं. वरवर नुसता पाठलाग, पण शिकारीच्या भाषेत वासावर नाही तर नजरेवर धावणारी कुत्री मागे सोडून जनावर दमवून धरणं म्हणजे कोर्सिंग. लॅटिनमधल्या धावणे या क्रियापदावरून. आपल्याकडे कारवान जातीची उंच, सडपातळ कुत्री असतात, दख्खनची, ती सशाच्या मागे अशीच सुटतात. मी अण्णांना विचारलं याला काय म्हणता तुम्ही, तर ते म्हणाले कुत्री सोडणं, दुसरं काय. तेच लिहिलं.

ड्रायव्हिंगला हाकणं लिहिलं होतं, पहिल्या ड्राफ्टमध्ये, आणि ते वाचून लोकांना वाटलं शेतातून डुकरं हाकलायची पण नाहीत की काय! इथे परत माझी चूक. शेतातून हुसकावणं वेगळं आणि ढोल-डबे वाजवत जनावर दबा धरून बसलेल्या माणसाच्या दिशेने आणणं वेगळं. त्याला आपल्याकडे हाका घालणं म्हणतात, आणि रान उठवणं पण, जे आता फक्त मोर्च्यांच्या बातम्यांत उरलंय. बेट सोपा निघाला, आमिष. इंग्रजी बेट हा चावणे या क्रियापदाचा नातेवाईक, चावायला लावणे असा मूळ अर्थ, आणि आपलं आमिष म्हणजे मुळात मांस, म्हणून तर सामिष जेवण आणि निरामिष जेवण. पण पत्रकात आमिष दाखवणे लिहिलं की लोकांना नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष आठवतं, तेव्हा दाखवणे काढून ठेवणे केलं.

मासेमारीचे शब्द या कायद्याच्या ओळीत नाहीत पण ते सोडवत नाहीत. माझं सासर रत्नागिरी जिल्ह्यात, सासूबाईंचं माहेर खाडीकाठचं. त्यांना मी विचारलं, इंग्रजीत हुक वेगळं आणि लँड वेगळं, आपल्याकडे काय? त्या नारळ खवत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "गळाला लागला म्हणून हाताला लागला होत नाही." झालं की भाषांतर. हुक म्हणजे गळाला लागला, लँड म्हणजे हाताला लागला, आणि नोकरी लँड केली यात सुद्धा तेच, हातात आली. मग त्यांनीच सांगितलं की पाग फेकणाऱ्याची नजर लागते, रापणीला माणसं लागतात आणि डोल लावली की भरती-ओहोटी काम करते. तीन जाळी आणि पकडणारे तीन वेगळे, नजर, माणसं आणि पाणी. मी जे दीड महिना घोकत होते ते त्यांनी अर्ध्या नारळात सांगितलं.

कारण माझ्या मते सगळा प्रश्न तोच आहे, पकडायचं काम नेमकं कोण करतंय. ग्रॅब आणि स्नॅचमध्ये हात करतो, स्नॅचमध्ये वर हिसका. नॅबमध्ये पोलीस, आणि तो पेपरच्या मथळ्यापुरता छोटा शब्द. कॉर्नरमध्ये भिंत करते, कोंडीत पकडलं म्हणतो आपण ते. अरेस्टचा मूळ अर्थ थांबवणे, आणि आपल्या अटक शब्दालाही अटकावच चिकटलेला आहे. ट्रॅपमध्ये यंत्र, स्नेअरमध्ये प्राणी स्वतः. आणि ट्रॅप्ड असं नुसतं म्हटलं तर कधी कुणीच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तरकाशीला सिल्क्याराच्या बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस होते, इंग्रजी बातम्यांत ट्रॅप्ड आणि आपल्याकडे अडकलेले. तिथे कुणी सापळा लावला नव्हता. डोंगर खाली आला. त्याच ठिकाणी कॅप्चर्ड किंवा एन्स्नेअर्ड लिहून बघा, लगेच कुणीतरी शत्रू उभा राहतो.

उलट लाचलुचपतवाले सापळा रचतात तो पूर्ण माणसाचा. नोटांना फिनॉल्फथॅलिनची पावडर लावायची, घेणाऱ्याने नोटा घेतल्या की पंचांसमोर त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, पाणी गुलाबी होतं. रंगेहाथ हा शब्द किती जुना आणि तो इतका शब्दशः खरा होतो हे बघून मला दर वेळी नवल वाटतं. आणि तिथे इंग्रजीत ट्रॅप आणि एन्ट्रॅप हा फरक जिवावरचा आहे. जो मुळात लाच मागतोच आहे त्याला पकडायला लावला तो ट्रॅप, ज्याच्या मनात नव्हतं त्याला भरीस घालून करायला लावलं ते एन्ट्रॅपमेंट, आणि असं झालं तर कोर्टात सरकारी बाजू अडचणीत येते. मराठीत दोन्हीला सापळाच. दुसऱ्याला मी गोवणे म्हणेन, तेही पूर्ण बसत नाही कारण गोवला गेलेला पूर्ण निर्दोष असतो.

परत पत्रकाकडे येते. कोण करतंय हे डोक्यात ठेवून मी माझीच साडेतीन पानं पुन्हा वाचली आणि अंगावर काटा आला. सगळीकडे अडकतो, सापडतो, गुंतला, फसला. बिबट्या वायरमध्ये अडकतो. मोर जाळीत गुंततो. आपल्या भाषेत या क्रियापदांची जोडपी किती छान आहेत, अडकणे आणि अडकवणे, फसणे आणि फसवणे, गुंतणे आणि गुंतवणे, आणि सापडणे तर इतकं मोकळं की हरवलेली किल्ली पण सापडते, चोर पण सापडतो आणि दारात बोटही सापडतं. यात करणारा माणूस सहज गळून पडतो, वाक्य ऐकायलाही बरं लागतं आणि कुणाला राग येत नाही. पण वायर आपोआप उगवत नाही ना! इंग्रजी कायद्यातली ती सहाही क्रियापदं करणाऱ्या माणसाची आहेत, कोणीतरी स्नेअर करतोय, कोणीतरी ड्राईव्ह करतोय. मी मराठीत आणताना त्या माणसाला वाक्यातून बाहेर काढलं होतं आणि त्याच्या जागी बिबट्याला बसवलं होतं.

म्हणून आता ओळ अशी झालीये: जंगली प्राण्याला जिवंत पकडणं, त्याच्यामागे कुत्री सोडणं, तारेचा किंवा दोरीचा फास लावणं (वायर, फासकी), पिंजरा किंवा सापळा लावणं, रान उठवून हाका घालणं, आमिष ठेवणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं. लावणं, सोडणं, घालणं, ठेवणं, सगळी हाताने करायची कामं. शेवटच्या प्रयत्नाबद्दल खाली एक वेगळं वाक्य घातलंय की रिकामी वायर, जिच्यात अजून काही आलेलं नाही, ती लावणं हा सुद्धा कायद्याने शिकारीचाच प्रयत्न आहे. हे सगळ्यात उपयोगाचं वाक्य आहे असं अण्णांचं मत.

नवीन प्रती मागच्या आठवड्यात गावात गेल्या. त्याच शेतकऱ्यांनी घेतली, उभ्या उभ्या वाचली, म्हणाले, आता वायरचं लिहिलंय. मग विचारलं, डुकराने केलेल्या नुकसानीची भरपाई मिळते म्हणतात, तो अर्ज कुठे करायचा? ते पत्रकात कुठेच नव्हतं. मागच्या पानावर जागा आहे, आज ते लिहायला बसतेय.